सातव्या तारेची जवारी

वाद्यांच्या दुकानात किस्से फार साठतात. त्याला कारण आहे. चप्पल शिवून घ्यायला आलेला माणूस दहा मिनिटांत जातो, पण तंबोऱ्याची तार बदलायला आलेला माणूस बसतो. तार चढवायची, ती उतरते, पुन्हा चढवायची, तिला ताणाची सवय होऊ द्यायची. तोवर चहा येतो आणि चहाबरोबर गोष्टी. आमच्या दुकानात संध्याकाळी झाडू मारला तर लाकडाच्या भुश्यापेक्षा किस्सेच जास्त निघतील!

दुकान सांगलीतल्या एका बोळात आहे. तंबोरे, सतारी बनवायच्या आणि दुरुस्त करायच्या. अलीकडं दुरुस्तीला गिटारीच जास्त येतात. दुकान दस्तगीरचाचांचं. मी मूळचा औंधचा. घरची जमीन कोरडवाहू, ती भावालाच जेमतेम पुरायची, म्हणून वीस वर्षांपूर्वी चाचांकडं कामाला लागलो तो लागलोच. चाचांनी मला नावानं कधी हाक मारली नाही, 'औंधकर' म्हणायचे. तिसरा आमचा शीतल. तो पॉलिशचं काम करतो. आमच्याकडं जैनांत शीतल हे बाप्याचं नाव असतं, आणि हा बाप्या चांगला सहा फूट उंच, कुस्तीतनं पॉलिशमध्ये आलेला आहे.

चाचा गेले त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून नवे किस्से घडत नाहीत, पण जुने रोज कुणीतरी घेऊन येतं. परवा विकी आला, बसला, चहा झाला आणि पुन्हा तेच सुरू झालं. म्हटलं, एकदा ओळीनं सांगून मोकळं व्हावं.

*

विकी कोरेगावचा. पहिल्यांदा आला तेव्हा पंचविशीतला, केस खांद्यापर्यंत, अंगात काळा टी-शर्ट आणि पाठीवर मढं बांधल्यासारखी लांबलचक काळी बॅग. बॅगेतनं त्यानं इलेक्ट्रिक गिटार काढली. सात तारांची!

"सहाच असतात ना रं?" मी विचारलं.

"हिला खाली एक जादा हाय. लय जाड, लय खालचा सूर. आमच्या बँडला त्योच पायजे."

गिटार साताऱ्यातल्या कुणा मित्राची होती, विकीला ती घ्यायची होती. पण वडील आडवे आले होते. वडील आर्मीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले, आता ऊस करायचे. ते म्हणाले होते, "माणूस भरती करताना आमी मेडिकल करतो. हिचं का न्हाई? जाणकाराचा कागद आण. शेप-वन असंल तरच घरात घेईन." शेप-वन म्हणजे आर्मीत एकदम ठणठणीत माणसाला देतात तो दाखला!

चाचांना हे फार आवडलं. त्यांनी चष्मा पुसला, गिटार मांडीवर घेतली, बंदुकीसारखी एका डोळ्यानं मानेवरून नजर टाकली. "मान सरळ हाय." सांध्यावर नख फिरवलं. "जोड पक्का हाय." मग पाठीवर बोटांनी टकटक केलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही आतनं भरीव हाय रं! पोकळीच न्हाई. मग आवाज ऱ्हातो कुठं?"

"तारंखालच्या पिकअपमधनं अँपात, म्हंजे स्पीकरच्या पेटीत जातो, चाचा."

"म्हंजे हिला घर न्हाई, नुसता फोन नंबर हाय!"

शीतलच्या हातातला ब्रश पडला एवढा तो हसला. चाचांनी मग एक भलतंच केलं. गिटारचं वरचं शिंगासारखं टोक दातांत धरलं आणि अंगठ्यानं सातवी तार छेडली.

"चाचा, हे काय?"

दात न सोडताच ते म्हणाले, "हिला भोपळा न्हाई. मग माझं डोकंच भोपळा!"

डोळे मिटून ते बराच वेळ तसेच बसले. मग कागद मागवला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: "बांधणी: मान सरळ, सांधा पक्का, वजन फार. आवाज: सातवी तार झकास, बाकीच्या ठीक. वाजवायला: मान रुंद, हात मोठा पाहिजे. सदर गिटार शेप-वन." खाली सही आणि दुकानाचा शिक्का.

सुभेदारांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला म्हणे! आम्ही आठवडाभर हसत होतो. 'बाकीच्या ठीक' हे दोन शब्द मात्र मला पुढं फार दिवस टोचत राहिले. चाचा कुठल्याच तारेला कधी 'ठीक' म्हणत नसत. एकतर ती बोलायची, नाहीतर तिला बोलती करेपर्यंत ते उठायचे नाहीत.

*

पण त्याच गिटारची दुसरी गंमत राहिली. कागद लिहून झाल्यावर चाचा म्हणाले, "सातवी झकास हाय, पर जरा मुकी हाय. दोन दिस ठेवून जा."

इथं जवारी काय ते सांगायला पाहिजे. तंबोऱ्याची तार जिच्यावरून जाते त्या घोडीचा माथा हाडाचा असतो. तो कानशीनं घासून असा उतार द्यायचा की तार त्याला अगदी हलकं शिवत राहील. मग नुसत्या 'टंग'च्या जागी तो झणकार उठतो, मागं कुणी सावकाश मधमाश्या सोडल्यासारखा. त्याला जवारी म्हणतात. केसभर कमी घासलं तर आवाज मुका, केसभर जास्त घासलं तर कर्कश. चाचांची जवारी म्हणजे शेवटचा शब्द. पुण्या-धारवाडचे गवई सांगलीला यायचे ते त्या एका कानासाठी.

विकी दोन दिवसांनी आला, गिटार अँपला जोडली आणि सातवी तार छेडली. झण्णण्ण! चाचांनी तिच्या ब्रिजवर, म्हणजे घोडीवर, हाडाची चपटी पट्टी बसवून अस्सल तंबोऱ्याची जवारी काढली होती!

विकी रडायचाच बाकी राहिला. "आवं चाचा, हा तर बझ हाय! गिटारमधी ह्याला फॉल्ट म्हणत्यात! हा काढायला लोकं मुंबईला जात्यात!"

"फॉल्ट?" चाचा शांतपणे म्हणाले. "चाळीस वर्षं झाली, हाच फॉल्ट करून घ्यायला लोकं माझ्याकडं येत्यात!"

शेवटी पट्टी काढली आणि मूळचा लोखंडी तुकडा परत बसवला. ती हाडाची पट्टी चाचांनी एका डबीत घालून ठेवली. काढायच्या आधी विकीनं मोबाईलवर तो आवाज रेकॉर्ड करून घेतला. मित्रांना हसायला म्हणून.

*

हाडावरनं आठवलं. शीतल हाडाला हात लावायचा नाही. जैन माणूस, घरी कांदा-लसूण नाही, आणि काम मिळालं ते आमच्याकडं, जिथं घोडीपासून मानेच्या टोकाला तारा अडकवायच्या पट्टीपर्यंत, म्हणजे नटापर्यंत, सगळीकडं हाड! पहिल्या दिवशीच त्यानं सांगितलं होतं, "चाचा, लाकूड सगळं माझं. हाड तेवढं माझ्याकडं नगा देऊ."

तेव्हापासून चाचा हाडाचं काम दुकानाबाहेर ओट्यावर बसून करायचे. ऊन असो, पाऊस असो, डोक्यावर पोतं घेऊन का होईना, पण बाहेर. आत येताना हात धुवायचे, कानस पुसायची आणि ओल्या फडक्यानं ओटासुद्धा पुसायचे. शीतलच्या पायाला ती पूड लागू नये म्हणून.

एकदा विकी मोठ्या प्रेमानं गिटारचा एक नवा नट घेऊन आला आणि शीतलच्या तळहातावर ठेवला. "बघा की, ओरिजिनल हाय!"

"कसला हाय?"

"हाडाचा!"

सहा फुटी पैलवान असा उडाला की पॉलिशचा डबा आडवा! शीतल तीनदा हात धुऊन आला. विकी माफी मागून मागून दमला. चाचा तेवढ्यात फरशी पुसायला लागले होते. पुसता पुसता म्हणाले, "विकी, शीतलला कुस्तीत कुणी पाडलं न्हाई. तू एका नटानं पाडलंस!"

*

आता पुढचे किस्से सांगताना हसू येत नाही, पण सोडताही येत नाहीत.

आमच्याकडं एक गाणाऱ्या बाई यायच्या, साताऱ्याच्या. पंचवीस वर्षं त्यांचा तंबोरा चाचांच्याच हाताखाली. विकीच्या त्या कागदानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी तंबोरा जवारीला टाकला. चाचा सकाळभर ओट्यावर बसले, आत आले, तंबोरा माझ्यासमोर टेकवला आणि म्हणाले, "झाली." टोपी घालून ते दुपारच्या नमाजाला गेले.

मी सहज तारा छेडल्या. फोडणी जळाल्यासारखा चरचरीत आवाज येत होता. मला वाटलं, हाताला काही लागलं असेल, पुन्हा छेडल्या. तोच आवाज. शीतल पॉलिश सोडून उठून आला. त्याला सुरातलं काही कळत नाही, पण त्यालाही कळलं.

"चाचांना ऐकू येत न्हाई?" त्यानं विचारलं.

बोललेलं ऐकू यायचं. खालचा सूर ऐकू यायचा. पण जवारी असते ती वरच्या, बारीक झणकारात. तोच त्यांच्या कानातनं हळूहळू निघून गेला होता. ते 'बाकीच्या ठीक' मला त्या क्षणी कळलं. सातवी तार सगळ्यात जाड, ती तेवढी त्यांना ऐकू आली होती. बाकीच्या सहांबद्दल त्यांनी अंदाजानं लिहिलं होतं.

चाचा नमाजाला गेले की तासाभरानं यायचे. मी कानस घेतली. चाचांच्या कामावर कानस चालवायची! चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि तासाभरात ती करून मोकळा झालो.

चार वाजता बाई आल्या. तारा छेडल्या, डोळे मिटले, दोन स्वर लावले. "चाचा, तुमच्या हाताला तोड नाही."

"हात न्हाई, बाई," चाचा म्हणाले, "कान."

मी उठून मागं गेलो आणि नळाखाली उगीच तोंड धूत बसलो.

*

मग ते रोजचंच झालं. चाचांनी 'झाली' म्हणायचं, नमाजाला जायचं, मी कानस उचलायची आणि शीतलनं दारात उभं राहायचं. दोन वर्षं! लोक विचारतात, सांगून का नाही टाकलं? कान गेला असं एकदा कुणी तोंडानं बोललं असतं, तर चाचांनी त्याच दिवशी कानस खाली ठेवली असती. आणि कानस खाली ठेवलेले चाचा म्हणजे कोण, हे आम्हा दोघांनाही बघायचं नव्हतं. आम्ही त्यांना सांभाळत होतो, असं तेव्हा वाटायचं.

चाचा मध्येच परत आले तर शीतलनं खोकायचं, असं ठरलं होतं. एकदा ते खरंच आले. चष्मा विसरला होता. शीतल खोकला, पण मी कामाच्या तंद्रीत. तो आणखी खोकला. मला काही पत्ता नाही. मग ह्या पठ्ठ्यानं दारातच मोठ्यांदा देवाचं स्तवन म्हणायला सुरुवात केली! शीतलचा आवाज म्हणजे पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. मी दचकून तंबोरा खाली ठेवला.

चाचा दारातच थांबले. "शीतल, तू गायला लागलास म्हंजे दुकानात नक्की कायतरी चोरी चाललीया!"

आम्ही दोघं खोटं खोटं हसलो. चष्मा माझ्यासमोर टेबलावर, कानशीच्या शेजारी पडला होता. टेबलाकडं न बघता चाचांनी तो चाचपडत उचलला आणि परत गेले.

*

ह्या सगळ्यातलं विकीला काही माहीत नव्हतं. तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचाच. एकदा मोबाईलवर नवीन ॲप घेऊन आला. त्यातनं बारीक शिट्टीसारखा सूर निघायचा, हळूहळू वर वर जायचा. ज्याला ऐकू येईल त्यानं हात वर करायचा, बंद झाला की खाली घ्यायचा.

मी 'नको' म्हणेपर्यंत त्यानं सुरू केलंसुद्धा. मी हात वर केला. शीतलनं केला. चाचांनीही केला. सूर आणखी वर गेला. आम्ही हात खाली घेतले, पुन्हा वर केले, चाचांचा हात बरोबर आमच्यासारखाच. विकी खूश झाला. "चाचा, ह्या वयात काय कान हाय तुमचा! एक नंबर!"

मला कसं हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल.

तेवढ्यात माझ्या कानामागं माशी बसली. मी ती हाकलायला हात उचलला. चाचांनीही हात वर केला.

मोबाईल बंद होता. विकीनं तो केव्हाच खिशात ठेवला होता.

चाचा हात वर करून माझ्याकडं बघत होते. मी माझा हात खाली घेतला. त्यांनीही घेतला. विकीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा शीतलकडं, आणि चहा सांगायला बाहेर गेला. चहावाला दोन दुकानं सोडून होता, विकी अर्ध्या तासानं आला. डोळे लाल होते. चहा आणायचं विसरला होता.

*

त्यानंतर विकीच्या गिटारची फक्त सातवीच तार बिघडायला लागली! कधी उतरली, कधी ढिली, कधी 'जरा मुकी वाटतीया, चाचा.' दर पंधरा दिवसांनी कोरेगावहून बस बदलत बदलत यायचा. मी एकदा त्याला बोळाच्या तोंडाशी पकडलं. भिंतीला टेकून गडी खुंटी पिळत होता. चांगली लागलेली तार उतरवत होता!

"आरं, हे काय?"

"तेवढीच त्यांना नीट ऐकू येती," तो म्हणाला. "मग तेवढीच आणतो."

चाचा शिंग दातांत धरून ती तार लावायचे. बरोबर लागायची. मला हात लावावा लागत नसे. ती दहा मिनिटं दुकानात कुणीच चोर नसायचं.

शेवटी स्वतः सुभेदार आले. ताठ मान, पिळदार मिशा, कानात मशीन आणि हातात तो लॅमिनेट केलेला कागद! कागद चाचांपुढं धरून म्हणाले, "चाचा, तुमी हिला शेप-वन दिलंत. मग ही दर पंधरा दिसाला आजारी म्हणून सिक रिपोर्ट कशी करती?"

आमची हसता हसता पुरेवाट झाली. चाचासुद्धा हसले. मग सुभेदार टेकले, चहा झाला, आणि दोघं एकमेकांशी एवढ्या मोठ्यांदा बोलायला लागले की रस्त्यावरची माणसं भांडण समजून थांबली. सुभेदार तोफखान्यात होते. डावा कान तिथंच राहिला. कानातलं मशीन काढून त्यांनी चाचांच्या हातावर ठेवलं. "लावून बघा. ह्यात लपवायचं काय? माझा गेला, तुमचा बी जाणार. वय हाय."

मी कामात मान खुपसली. पहिल्यांदाच कुणीतरी ते मोठ्यांदा बोललं होतं, आणि तेही अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं.

चाचांनी मशीन उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं. "मशीनमधनं तंबोरा ऐकायचा म्हंजे काचेवरनं आंबा चाटायचा, सुभेदार. आनि तुमच्या धंद्यात कान गेला तर मेडल मिळतं. माझ्या धंद्यात..."

सुभेदारांनी मशीन कानात घातलं, चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.

*

आता शेवटचा.

विकी एक दिवस आला तो गिटार न घेताच. मोबाईल काढला आणि तो जुना, फॉल्टचा आवाज लावला. झण्णण्ण! "बँडला ऐकवला, चाचा. कुणी हसलं न्हाई. मला तसली गिटार पायजे. सात तारी, तुमच्या हातची. सातवीला तुमची जवारी."

चाचा उठले आणि फळीवरनं ती डबी काढली. हाडाची पट्टी अजून आत होती.

सहा महिने काम चाललं. तंबोऱ्याला लागणारं तुणीचं लाकूड चाचांनी स्वतः निवडलं, आतनं कोरून पोकळ केलं. "आता हिला घर हाय," म्हणाले. मानेचं आणि तिच्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्यांचं काम माझं, पॉलिश शीतलचं. काय रंग चढवला होता शीतलनं, पिकल्या जांभळासारखा! बाकीच्या सहा तारा मी लावल्या. सातवी चाचांनी कुणाला शिवू दिली नाही.

एका शुक्रवारी सकाळी ती हाडाची पट्टी घासायला ते ओट्यावर बसले. दुपारी आत आले, गिटार माझ्यासमोर ठेवली. "झाली. विकी तीन वाजता येणार हाय." हात धुतले, टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि उंबऱ्यापर्यंत गेलेले परत फिरले.

"औंधकर."

"काय, चाचा?"

"आज हिला हात लावू नगंस."

आणि गेले.

शीतल सवयीनं दारात उभा राहिला होता. तो तसाच खाली बसला. म्हणजे चाचांना सगळं ठाऊक होतं. दोन वर्षं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एका बोटानं सातवी तार छेडली. डबड्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. कानस माझ्या हाताजवळ होती. चार हात मारले असते तर काम झालं असतं. विकीनं सहा महिने वाट बघितली होती, चाचांचं हे शेवटचं वाद्य असणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं, आणि ते असं जाणार होतं. मी हात मांडीखाली घेऊन बसून राहिलो.

विकी लवकर आला. मी एवढंच म्हणालो, "कसं बी वाजू दे, एक नंबर म्हण." त्यानं मान हलवली.

चाचा आले, समोर स्टुलावर बसले. विकीनं गिटार घेतली आणि पहिल्यांदा बाकीच्या सहा तारा वाजवल्या. गोड वाजल्या. मग त्यानं सातवी छेडली. खडखडाट झाला. विकी तसाच हसला. "एक नंबर, चाचा! तुमच्या हाताला तोड न्हाई."

चाचा त्याच्याकडं बघत होते.

"विकी, गिटार तू चांगली वाजवतोस," ते म्हणाले. "खोटं बोलायला मातर तुला अजून लय रियाज पायजे."

चाचांनी टेबलावरची कानस उचलली, फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"आता कर. माझ्यासमोर."

मी गिटार घेऊन ओट्याकडं निघालो, सवयीनं. शीतल आडवा आला. "हितंच बसा," म्हणाला. तार बाजूला घेतली की पट्टी सरकते, कुणीतरी ती धरून ठेवावी लागते. शीतल माझ्याजवळ गुडघे टेकून बसला आणि त्यानं आपल्या दोन बोटांनी ते हाड दाबून धरलं. चाचांनी ते बघितलं.

मी एक हात मारला. तार बसवली. विकीनं छेडली. खडे कमी झाले. आणखी एक हात मारला. विकीनं छेडली. आता कुठं लांबवर मधमाश्यांचा आवाज यायला लागला होता. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तिसरा हात अगदी हलका मारला. तार बसवली. विकीनं छेडली.

मला वाटलं अजून केसभर राहिलंय. मी पुन्हा कानस टेकवली.

"थांब," चाचा म्हणाले.

मी वर बघितलं. ते गिटारकडं बघतच नव्हते. विकीच्या तोंडाकडं बघत होते.

"झाली."

मी कानस खाली ठेवली आणि ऐकलं. झाली होती.